जीभ न घासता तीन दिवस

साखर मला वीस वर्षांपासून आहे. यंदा आखातात, अल खौदला मुलाकडे असताना इथल्या हार्टच्या डॉक्टरने सांगितलं, साखरेने हृदयाच्या नळ्या खराब केल्यात, हातातून तार घालून बघावं लागेल. मला तार नको होती. माझा थोरला भाऊ वसईहून तशाच तपासणीला गेला आणि तिथेच संपला. तपासणीने की रोगाने, कोणी सांगितलं नाही. म्हणून सुनेने चिनी औषध देणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा विषय काढला तेव्हा मी लगेच तयार झाले. काढा कितीही कडू असू दे, पिईन.

बाईंनी जीभ दाखवायला सांगितली. बघून सुनेला इंग्रजीत काहीतरी म्हणाल्या. सून हसायला लागली.

"मम्मी, जीभ घासून आलात?"

"मग काय, तशीच दाखवू?"

"त्यांना जिभेवरचा थर बघायचा असतो. तोच तुम्ही खरवडलात. आता तीन दिवस घासायची नाही, मग या म्हणतात."

लहानपणापासून एक दिवस चुकवला नव्हता. सकाळी बेसिनशी जायची, जिभली हातात घ्यायची, परत ठेवायची. दुसऱ्या दिवशी सून जिभली पर्समध्ये टाकून ऑफिसला गेली. शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चला मिस्सालाही गेले नाही, तसल्या जिभेवर कम्युनियनची भाकर कशी घ्यायची? बसवत नव्हतं. किचनपासून हॉलपर्यंत फेऱ्या मारत राहिले. तिसऱ्या फेरीला दम लागला, फ्रिज धरून उभी राहिले. घरातले सगळे मिस्साला गेले होते. मीही नंतर कोणाला सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी बाईंनी जीभ बराच वेळ बघितली, दोन्ही मनगटांवर बोटं ठेवली. मग दम लागतो का, विचारलं. माझ्या वतीने सूनच "नो" म्हणाली. तिला मी रोज तेच सांगत होते.

पण तीन दिवस घाण तोंड घेऊन बसले होते. आता खोटं बोलले असते तर ते सगळं फुकट गेलं असतं.

"थांब," मी म्हटलं. "लागतो. काल फ्रिज धरून उभी होते."

"कधीपासून?"

"नाताळपासून."

"आणि आम्हाला रोज ठीक आहे म्हणता?"

"तार घालाल म्हणून."

सुनेने ते सगळं बाईंना सांगितलं. बाईंनी लिहायला घेतलेला कागद बाजूला सारला. काढा आत्ता नाही. आधी हार्टवाल्याकडे, तेही लवकर, आणि त्याच्या गोळ्यांतली एकही सोडायची नाही. पुढचं त्याला विचारून.

"म्हणजे ही पण तारच सांगते?"

"तारच सांगतात, मम्मी."

गाडीत बसल्यावर सुनेने हार्टवाल्याकडे फोन करून दुसऱ्याच दिवशीची, रविवारची वेळ घेतली. मी म्हटलं, "आधी माझी जिभली दे."

घरी येऊन जीभ घासली. मग रविवारसाठी हॉस्पिटलची पिशवी भरली. उपसली. परत भरायला घेतली.