समोरच्या बुवांचा चहा

गौरवग्रंथ समितीच्या सचिवांनी मला दोन सूचना केल्या. लेख शुद्ध भाषेत लिहा आणि कोणाचा उद्धार करू नका. त्यांची भीती रास्त आहे. मी रॅप करतो. 'पाना' या नावाने मला थोडेफार लोक ओळखतात, आणि जे ओळखतात ते बहुतेक माझ्या भांडणांमुळे. वडील साकीनाक्याच्या एका कारखान्यात फिटर होते, म्हणून हे नाव घेतलं. वसंतबुवा कांदळगावकर यांच्या पंचाहत्तरीनिमित्त लिहिणारे बाकी सगळे भजनी मंडळी किंवा त्यांच्या कारखान्यातले जुने सहकारी आहेत. या पंगतीत मी कसा येऊन बसलो, हे आधी सांगायला हवं.

विक्रोळीला कन्नमवार नगरात बुवा तळमजल्यावर राहतात आणि आम्ही बरोब्बर त्यांच्या डोक्यावर. सात वर्षांपूर्वी एका रविवारी सकाळी मी कपाटाला गादी टेकवून, तिच्या आड तोंड खुपसून एक 'डिस' रेकॉर्ड करत होतो. डिस म्हणजे समोरच्या रॅपरची जाहीर खरडपट्टी काढणारं गाणं. दार वाजलं. उघडलं तर बुवा उभे. म्हटलं, झालं, आता आवाजाची तक्रार.

"कोणाक घालून पाडून बोलतंस रे?" त्यांनी विचारलं.

"कांदिवलीचा आहे एक. एमसी झटका."

"मगे झटकाबुवा उत्तर देतले मां?"

"देईल ना. आठवड्यात देईल."

"मगे ठीक आसा," म्हणत ते आत आले आणि खुर्ची ओढून बसले. "आता पयल्यापासून ऐकव."

त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. शिव्यांबद्दल चकार शब्द काढला नाही. तिसऱ्या ओळीत श्वास तुटतोय, आणि समोरच्याला घाव घालायचा तर समेवर घालावा, एवढंच सांगून उठले. ज्याला मी चार मिनिटं शिव्या घालत होतो त्याला 'बुवा' म्हणणारा हा माणूस कोण, असं मला त्या दिवशी वाटलं. तेव्हापासून हे कुतूहल माझ्या मानगुटीवर बसलं आहे.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. बुवा डबलबारीचे बुवा. डबलबारी म्हणजे भजनाचा सामना. दोन बुवा, दोन मंडळं, दोन पेट्या, दोन पखवाज. आळीपाळीने गायचं, आणि गाता गाता समोरच्या बुवांना असा चिमटा काढायचा की प्रेक्षक शिट्ट्या मारतील आणि समोरच्याला आपल्या पाळीत उत्तर द्यावंच लागेल. तळकोकणातली ही रीत मुंबईला आलेल्या चाकरमान्यांनी उपनगरांतल्या सभागृहांत जिवंत ठेवली. आमचे बुवा आणि भांडुपचे पुंडलिकबुवा तळगावकर यांनी चाळीसेक वर्षं समोरासमोर बाऱ्या केल्या. हे दोघे एकमेकांच्या घरचं पाणी पीत नसणार, असं लोक छातीठोक सांगायचे.

माझ्या बाबतीत लोकांचा अंदाज बरोबर असायचा. घाटकोपरच्या एका ग्रुपशी बीट, म्हणजे गाण्याखालचा ताल, कोणी चोरली यावरून माझं वाजलं, ते आजही माझा फोन उचलत नाहीत. मुलुंडच्या एकाशी पोस्टरवर कोणाचं नाव वर यावर बिनसलं, तो समोरून आला तर रस्ता बदलतो. झटक्याची गोष्ट तर याहून वाईट. तो आणि मी एका कॉलेजात, एका बाकावर बसायचो. आधी एकत्र गायलो, मग एकमेकांवर गायलो. त्याची लोकल वेस्टर्न, आमची सेंट्रल, अशी ऐकणाऱ्यांनीच दोन गावं पाडली आणि आम्ही मूर्खासारखे त्यांचे सरपंच झालो. भांडणात नाव होतं, हे खरं आहे. पण प्रत्येक भांडणात एकेक माणूस कायमचा गेला. मग बुवांचा माणूस चाळीस वर्षं कसा टिकला?

बुवा मला मुलुंडच्या एका बारीला घेऊन गेले, तेव्हा मी गाणं ऐकायचं सोडून याचीच टेहळणी केली. बारी सुरू होण्याआधी बुवा एक जुना थर्मास घेऊन सभागृहामागच्या तळगावकरबुवांच्या खोलीत गेले. दार लागलं. पाच-सात मिनिटांनी उघडलं. नंतर तीन तास दोघांनी एकमेकांची अशी पिसं काढली की बस्स! तळगावकरबुवांनी आमच्या बुवांच्या पोटाचा पखवाज केला, तर बुवांनी त्यांच्या आवाजाला गिरणीचा पट्टा म्हटलं. परतीच्या रिक्षात मी विचारलं, "आत काय केलंत?"

"चाय घेतलंव."

"आणि?"

"आणि काय? साखर कमी होती."

याहून जास्त उत्तर मिळायला मला पुढे दोन वर्षं आणि एक पाप लागलं. ते पाप मी इथे लिहितो आहे, कारण ते वगळलं तर बुवांचं मोठेपण कळणार नाही.

झटका बोलताना अडखळतो. लहानपणापासून. पहिलं अक्षर अडतं, मान ताठ होते, डोळे मिटतात. रॅप करताना मात्र कधीच नाही. माईक हातात आला की तो पाण्यासारखा वाहतो. हे त्याच्या ऐकणाऱ्यांपैकी कोणालाच माहीत नव्हतं, कारण तो मुलाखती देत नसे. मला माहीत होतं, कारण मी त्याच्या बाकावर बसलेलो होतो. अंधेरीला एका दुपारी आमचा जाहीर सामना झाला. तो माझ्यापेक्षा चांगलं करत होता. मी हरत होतो. आणि माझ्या पाळीत मी त्याच्या अडखळण्याची नक्कल केली. मानेसकट.

लोक खो खो हसले. झटका माईक घेऊन पुढे आला. पहिला शब्द आला नाही. बीट चालू राहिली. तो तसाच उभा राहिला, मग माईक खाली ठेवून निघून गेला. लोकांनी मला खांद्यावर घेतलं. ती चित्रफीत सगळीकडे फिरली, आणि त्यानंतर झटक्याने गाणंच बंद केलं.

मी ती चित्रफीत मोठ्या तोऱ्यात बुवांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत पाहिली.

"मगे झटकाबुवांनी काय उत्तर दिल्यानी?"

"उत्तर कसलं, बुवा? वाट लागली त्याची. निघून गेला."

"म्हणजे बारी झालीच नाय," बुवा म्हणाले. फोन त्यांनी माझ्या हातात परत दिला. मला वाटलं आता झापतील. त्याऐवजी त्यांनी स्वतःचीच गोष्ट सांगितली.

तळगावकरबुवांशी त्यांची पहिली बारी. दोघेही तरुण. त्याच महिन्यात तळगावकरबुवांचा धाकटा भाऊ घर सोडून पळाला होता आणि ते त्याला शोधत वणवण फिरत होते. बुवांना ते कळलं होतं. त्यांनी भर बारीत गाऊन टाकलं की ज्याला भाऊ सांभाळता येत नाही तो भजन काय सांभाळणार. शिट्ट्या पडल्या. तळगावकरबुवा उरलेलं भजन गायले, गजर पुरा केला आणि तडक निघून गेले.

"माका वाटला, जिकलंय," बुवा म्हणाले. "फुडच्या बारीक मी खोलीत बसललंय. तर हो पुंडलिक थर्मास घेवन आत इलो. माका चाय दिल्यान आणि म्हणालो, 'भाव अजून गावलो नाय. आज ता एक सोडून काय व्हया ता बोल. आता तुजा सांग.'"

अशी ती रीत पडली. बारीआधी चहा घ्यायचा आणि आज आपली दुखरी जागा कोणती, हे समोरच्या बुवांना स्वतःच्या तोंडाने सांगायचं. बुवांच्या पत्नी इस्पितळात होत्या त्या वर्षी तळगावकरबुवांनी घराचा, बायकोचा, संसाराचा एकही चिमटा काढला नाही. प्रेक्षक कुरकुरले, आज बुवा थंड म्हणून. थर्मास मुळात तळगावकरबुवांचा. तो आळीपाळीने एकेकाकडे असतो.

"आणि समोरच्याने तेच वापरलं तर?" मी विचारलं.

"तर तेचीच बारी संपली. तुजी संपली तशी."

मला रडू आलं, हे लिहायला लाज वाटत नाही. ही गोष्ट छापू का, असं मी बुवांना मागच्या आठवड्यात विचारलं. "छाप. माजी चूक आसा, कोणाक कित्याक लपवू?" असं ते म्हणाले.

ती गोष्ट सांगितल्यावर पुढच्याच रविवारी बुवांनी थर्मास भरला आणि मला घेऊन रिक्षाने कांदिवली गाठली. गुडघेदुखी होती, तरी झटक्याकडचे तीन मजले चढले. दार त्याच्या आईने उघडलं. मला पाहून त्यांनी ते पुन्हा लावायला घेतलं, पण म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर दार लावणं त्यांना जमेना. झटका खिडकीशी बसला होता. मी माफी मागितली. तो बराच वेळ घेऊन, एकेक शब्द सोडवत म्हणाला, "उद्या परत करशील. तुझा काय भरोसा, यार?"

बुवांनी कपात चहा ओतला आणि मला म्हणाले, "झटकाबुवांचा तुका म्हायत आसा. तुजा तेंका दी."

मी दिलं. पहिल्या मुलाखतीपासून मी सांगत आलो होतो की लहानपणी बाप आम्हाला सोडून गेला. रॅपरच्या गोष्टीत ते शोभून दिसतं. खरं म्हणजे वडील घरीच होते. यंत्रात दोन बोटं गेल्यावर नोकरी सुटली होती. ती मुलाखत त्यांनी माझ्याच शेजारी बसून पाहिली आणि उठून गेले. त्यांच्याशी मी त्यावर कधीच बोललो नव्हतो. झटक्याने हे एकदा म्हटलं असतं तर माझं नाव त्याच दिवशी बुडालं असतं. त्याने चहा संपवला. आईकडे कप देत म्हणाला, "ता... तारीख सांग."

बारी मुलुंडला झाली, दुपारी चारला. पुढच्या रांगेत दोन्ही बुवा. तिसऱ्या रांगेत माझे वडील, मी हात जोडून बोलावलं होतं म्हणून आलेले. मी सुरुवात केली. मग झटक्याची पाळी आली, आणि पहिला शब्द पुन्हा अडला. मी माईक खाली केला. तेवढ्यात बुवांनी बसल्या जागी हाताने ठेका धरला. तळगावकरबुवांनी धरला. मग सगळ्यांनीच. किती आवर्तनं गेली मी मोजली नाहीत, पण झटका आला तो समेवर आला. आणि मग त्याने मला सोलून काढलं.

मधे एक जागा अशी आली की त्याची ओळ सरळ माझ्या बापावर चालली होती. यमक तिथेच पडणार होतं. मला दिसलं, त्यालाही दिसलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, वळला आणि माझ्या नव्या बुटांवर येऊन आदळला. सभागृह हसलं. कोणालाच काही कळलं नाही, फक्त पुढच्या रांगेत बुवांनी मान डोलावली. मी हरलो. मी मंचावरून उतरताना बुवा म्हणाले, "आता बारी झाली."

जे झटक्याने त्या दिवशी झाकलं ते मीच इथे उघड करतो आहे, म्हणजे त्याला ते जपत बसायला नको. माझे वडील आम्हाला सोडून कधीही गेलेले नाहीत. हा लेख पहिल्यांदा त्यांनीच वाचला आहे.

आता शुभेच्छा. बुवांना किती आयुष्य मागू, हे मी त्यांनाच विचारलं. "पुंडलिकापेक्षा एक दिस जास्त," ते म्हणाले, "नायतर शेवटचो शब्द तेचो होतलो." हे उत्तर घेऊन मी मुद्दाम भांडुपला गेलो. तळगावकरबुवा आता ऐंशीचे आहेत. ऐकून हसले, मग खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "तेका सांग, माका तेच्यापेक्षा एक दिस कमीच व्हयो. तो नसलो तर मी चाय कोणाक देव?"

तेव्हा परमेश्वराने दोघांच्याही मागण्या मान्य कराव्यात, पण इतक्या लवकर मुळीच नाही. बुवांचे गुडघे धड राहोत, आवाज असाच खणखणीत राहो, आणि शंभरीच्या ग्रंथातही त्यांच्यावर लिहायला मला बोलवावं. त्या वेळी माझ्या समोरच्या पानावर झटकाबुवांचा लेख असावा.