विहीर, वाट आणि वायर

आमच्या साडूंइतका ठाम मतांचा माणूस अख्ख्या नांदेड जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही. ही मतं राजकारणाबद्दल किंवा पाऊसपाण्याबद्दल असती तर मी लिहायला बसलोच नसतो, कारण तसली मतं लोह्याच्या बसस्टँडवर चहाबरोबर फुकट मिळतात. साडूंची मतं आहेत कॉम्प्युटरवर खेळायच्या गेमबद्दल आणि तो गेम ज्या मशीनवर खेळायचा त्या मशीनबद्दल. वय अठ्ठावन्न, धंदा बोअरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देण्याचा, डोक्यावर टोपी, कानावर टेस्टर. अशा माणसाला तुम्ही खताचा भाव विचाराल. तो मात्र तुम्हाला उंबऱ्यातच गाठून विचारतो, "पाव्हणे, तुमच्या घरच्या माऊसला पोटात गोळी हाय का लाईट?" लाईट आहे म्हणालो की आमची किंमत तिथंच संपते.

त्यांची स्वतःची मशीन म्हणजे लोह्यातला एक कॉम्प्युटर क्लास बंद पडला तेव्हा उचलून आणलेली. तेव्हा दोन मशीन घरात आल्या, एक साडूंची आणि एक त्यांच्या थोरल्या भावाची, म्हणजे दादांची. मॉनिटर पाठीमागं पोट सुटलेला, कीबोर्डवरची अक्षरं पुसून गेलेली आणि कॅबिनेटला झाकण नाही. झाकण लावणं म्हणजे जित्या माणसाला पोत्यात घालणं, हे त्यांचं मत. मोटार भरणाऱ्या माणसाला ताप हाताला कळतो, त्यामुळं आकडेबिकडे न बघता ते उलटा हात आत धरतात आणि सांगतात, "अजून अर्धा घंटा खेळू देती ही." आणि बरोबर अर्ध्या घंट्यानं ती बंद पडते! मशीन अडली की रॅमची पट्टी खोडरबरनं पुसणं तर आपणही करतो, पण साडूंचा खरा सोहळा पोळ्याला. आदल्या संध्याकाळी बैलांची खांदमळणी झाली की ते मशीन अंगणात आणतात, पंख्यातली धूळ काढतात, प्रोसेसरला ताप उतरवणारी नवी पेस्ट चोपडतात आणि बैलाला म्हणावं तसं तिच्या कानाशी, कान म्हणजे जिथून पिन घालतात ती जागा, वाकून म्हणतात, "आज आवतन घे, उद्या जेवायला ये." दुसऱ्या दिवशी मॉनिटरपुढं पुरणपोळी. आमच्या मेहुणीबाई, म्हणजे आक्का, हे सगळं डोक्याला हात लावून बघतात, पण पोळीवर तूप त्याच वाढतात.

एकदा मी हौसेनं माझ्या मुलाचा नवा लॅपटॉप त्यांना दाखवायला घेऊन गेलो. कीबोर्डखालून लाल, हिरवे, जांभळे दिवे. साडूंनी चष्मा लावला, चारी बाजूंनी बघितला आणि विचारलं, "ह्यो गणपतीत लावायचा का?" मी चिडून सेकंदाला किती चित्रं, म्हणजे फ्रेम, निघतात ते सांगितलं. ते म्हणाले, "निघू द्या की. बघणारा डोळा माणसाचाच हाय ना?" मग खालून उलटा हात लावला आणि माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की जणू मी तापलेलं पोर दवाखान्यात न नेता त्यांच्याकडं आणलंय. "ताप हाय याला. घरी न्या," एवढंच बोलले. आता कबूल करतो, त्या उन्हाळ्यात तो लॅपटॉप खरंच तापून बंद पडला. मी साडूंना ते अजून सांगितलेलं नाही, कोण ऐकून घेईल!

मोबाईलवर खेळणाऱ्याला ते खेळणारा मानतच नाहीत, "अंगठा दाखवून राहिलेत नुसता." हेडफोन घालून खेळणारा त्यांच्या लेखी आंधळा. आणि सगळ्यात मोठा राग इंटरनेटवर खेळण्याचा. "ज्याच्या घराची चौकट आपल्याला ठाव न्हाई, त्याला मारून काय मजा? खेळ वायरीवर." वायरीवर, म्हणजे दोन मशीनमधून एक वायर टाकून, समोरासमोर. मला ही सगळी मतं बरेच दिवस निव्वळ विक्षिप्तपणा वाटत होती. माणूस कौतुकाचा, पण जरा सरकलेला, असं मी बायकोलाही म्हणालो होतो.

आता ती वायर. दहा वर्षांपूर्वी बांधावरच्या एका बाभळीवरून साडूंचं आणि दादांचं वाजलं. बाभूळ कुणी तोडली यावर सुरुवात झाली आणि वाटणीवर शेवट. घराच्या मधोमध भिंत आली, बोलणं बंद झालं, आणि बंद म्हणजे अगदी बंद, समोरून आला तर हा विहिरीकडं बघणार आणि तो आभाळाकडं. पंचांनी एकेक जिन्नस वाटला. मशीन एक-एक. पण दोन खोल्यांमधल्या मशीन जोडणारी ती वायर कुणाची? भिंत बांधताना गवंड्यानं तिला भोक ठेवलं होतं. पंचांमधले सगळ्यात म्हातारे बाबा वैतागले, त्यांना ती विजेची वायर वाटली. तोडली तर दोन्हीकडं अंधार व्हायचा, म्हणून त्यांनी स्टँप पेपरवर लिहायला लावलं, "विहीर, वाट आणि वायर सामाईक." खाली दोघा भावांच्या सह्या. मी तो कागद स्वतः वाचलाय.

सामाईक म्हटल्यावर तिला एकट्यानं हात लावायची सोय राहिली नाही. मग पुढच्या रविवारी दुपारी दोनला साडूंनी गेम लावला, आणि पलीकडून कुणीतरी आत आलं. नाव लिहिलं होतं, दादा. जुनाच गेम, एका मोठ्या गोदामात बंदूक घेऊन एकमेकांना हुडकायचं. चार वाजेपर्यंत दोघांनी एकमेकांना पन्नास वेळा मारलं आणि एक शब्द न बोलता आपापल्या घरात चहा प्याले. त्यानंतर नऊ वर्षांत एक रविवार चुकला नाही. मी एकदा शेजारी बसून पाहिलंय. साडू दारामागं दबा धरून होते, भिंतीपलीकडून दादांचा खोकला आला, खॉक! साडूंनी झटक्यात वळून बार टाकला, दादा पडले. पलीकडं टेबलावर मूठ आपटल्याचा आवाज झाला. साडू हळूच मला म्हणाले, "नेम धरताना खोकतंय ते. ल्हानपणापासून. गोफण मारतानाबी खोकायचं, पाखरं उडून जायची." हेडफोन का नको, ते मला त्या दिवशी कळायला हवं होतं. पण मी पडलो शहाणा नांदेडकर, मला फ्रेम मोजायच्या होत्या.

मागच्या साली दादांच्या छातीचं दुखणं वाढलं आणि लातूरला नोकरी करणाऱ्या मुलानं त्यांना कायमचं तिकडं नेलं. टेंपो भरला तेव्हा साडू दारात आले नाहीत, खिडकीतून बघत होते. आठवडाभरानं मी गेलो तर मला म्हणाले, "टीव्ही हितंच ठिवला त्यानं. पर मशीन नेली. गोधडीत गुंडाळून, मांडीवर घिऊन." पुढचे पाच रविवार दुपारी दोनला ते मशीन लावून बसले. आक्का सांगत होत्या, जेवण निम्मं झालंय, कुणाच्या मोटारी वेळेवर भरून होत नाहीत. मी म्हणालो, अहो, एक फोन करा की दादांना! ते म्हणाले, "काय बोलू? नऊ वर्सं झाली. कुठून सुरू करावं, तेच घावंना." एवढा ठाम मतांचा माणूस, पण त्या दिवशी त्यांना एकही मत नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

मग एका सकाळी फोन आला. "पाव्हणे, ते नेट बसवायला कोण येतंय?" मी दोनदा विचारून खात्री केली. लोह्यात नेट आलं. लातूरहून दादांच्या मुलानं कसलंसं सॉफ्टवेअर टाकलं, त्यानं म्हणे दोन्ही मशीनना वाटतं की आपण एकाच घरात आहोत. असं कर म्हणून दादांनीच त्याच्यामागं तगादा लावला होता, आणि त्यानंच साडूंना फोन करून नेट घ्यायला सांगितलं होतं. रविवारी दोनला पडद्यावर नाव आलं, दादा. मी संध्याकाळी विचारलं, कसं झालं? साडू म्हणाले, "चालतंय. गोळी घातली की दादा जरा उशिरानं मरतोय. लातूर लांब हाय." मग हळूच, "पर ऐकू येईना हो काही. तुमच्या पोराकडं ते माईकवालं हेडफोन असतील ना?" मी म्हणालो, म्हणजे आता बोलणार म्हणा तुम्ही! तर उसळलेच. "बोलायचं कुठं काढलं तुम्ही? खोकला ऐकू आला तरी बास."

मी एक जोड लातूरला पाठवला आणि एक घेऊन स्वतः लोह्याला गेलो. हेडफोन घालणाऱ्याला आंधळा म्हणणाऱ्या माणसानं तो टोपीवरून चढवला. त्याचा एक कान माझ्याकडं वळवला, मलाही ऐकू यावं म्हणून. गोदाम आलं, साडू दारामागं दबा धरून बसले आणि कानात आला तो खोकला. पण तो आता नेम धरतानाचा नव्हता, लांबत गेला, थांबेचना. साडूंचा हात माऊसवरून खाली आला. दादांनी त्यांना गोळी घातली, पडद्यावर साडू आडवे झाले, त्यांचं तिकडं लक्षच नव्हतं. "दादा," ते म्हणाले, "औषध टायमावर घिऊन राहिलास का न्हाई?"

नेट गेलं की काय म्हणून मी वायर बघायला उठलो, तर साडूंनी मनगट धरून मला खाली बसवलं. मग लातूरहून, जरा उशिरानं, आलं, "घेतो की."