शेंदराची पाच झाडं

नागपूरहून बी.एस्सी. होऊन मी रामाकोन्याला सासरी आले, तेव्हा माझ्या जिभेवर दोनच शब्द होते : सिद्ध करा. वरणात मीठ कमी आहे? सिद्ध करा. कावळा ओरडला म्हणून पाहुणा येणार? सिद्ध करा. सासूबाई म्हणायच्या, "सून आणली का वकील आणला, बापा!" भूमितीच्या वहीत 'इति सिद्धम्' लिहून खाली रेघ ओढली की प्रकरण मिटतं, आणि विज्ञानातही सगळं तसंच मिटतं, असा माझा तेव्हा ठाम समज होता.

त्याच हिवाळ्यात राज्याची फेररचना झाली. नागपूर पलीकडे गेलं, आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो. "राजधानी उठून गेली, संत्री जागेवरच हायेत," असं मामाजी, म्हणजे माझे सासरे, आमच्या संत्र्यांच्या वाडीत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. सौसरच्या एका शाळेतले मास्तर नागपूरकडे निघून गेले आणि विज्ञान शिकवायला कोणी उरलं नाही. मी अर्ज केला. शाळेचा होकार आला, होळीपर्यंत कळवा म्हणून. घरचा होकार मात्र नव्हता. "लोक म्हणतीन, वाडीवाल्याची सून नोकरीसाठी हिंडून राहिली," मामाजी म्हणाले. मला ती नोकरी फार हवी होती, इतकी की चुलीपुढे बसूनसुद्धा मी मनातल्या मनात वर्ग घेत असे. माझ्या नवऱ्यानं आमच्या दोघांच्याही बोलण्यावर मान डोलावली आणि तो पांढुर्ण्याला आपल्या कचेरीत निघून गेला.

मग आमची पैज लागली, ती ताणावरून. आंबिया बहरासाठी डिसेंबरात संत्र्याच्या झाडांचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, गळायला लागतात. मग पाणी सोडलं की झाड फुलावर येतं. याला ताण देणं म्हणतात. मामाजी पुरे दोन महिने ताण देत. मी पुस्तक वाचून म्हटलं, आपल्या हलक्या जमिनीला एक महिना पुरे, उगाच झाडांचा जीव काढता.

"सिद्ध कर," मामाजी म्हणाले. माझेच दात माझ्याच घशात! "पाच झाडं तुही, पाच माही. तुहं खरं निघालं तर जा सौसरले. माहं निघालं तर वाडीतच राय."

मी आनंदानं कामाला लागले. मामाजींच्या पाच झाडांना दोन महिने थेंबही मिळता कामा नये, म्हणून पाणी वळवणाऱ्या गड्याला कळेल अशी खूण हवी होती. घरात गेरू संपला होता. देवघरात शेंदूर होता. तेलात कालवलेला शेंदूर दवानं जात नाही, हे रसायनशास्त्र मला पाठ! पाचही बुंध्यांवर मी हातभर शेंदूर फासला आणि खूश होऊन घरी आले.

रोज संध्याकाळी मी वाडीत जाऊन पानं न्याहाळायची. बुंध्याशी कधी एखादं झेंडूचं फूल दिसे. पोरांचा खेळ असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. माझी नजर सारखी वर, फांद्यांकडे.

होळीच्या आत निकाल लागला. माझी पाच झाडं पांढरीशुभ्र, वास थेट रस्त्यापर्यंत. मामाजींच्या झाडांवर इथे चार फुलं, तिथे दोन. त्यांनी एकेक फांदी हातात घेऊन पाहिली, टोपी काढून डोकं खाजवलं. "हारलो, पोरी. सिद्ध झालं. जा तू." मी त्या रात्री आनंदानं दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी, फुलं बघण्याच्या हौसेनं, मी पहिल्यांदाच सकाळी वाडीत गेले. कापसाच्या शेवटच्या वेचणीला निघालेल्या दहा-बारा बाया शेंदराच्या झाडांपुढे रांगेनं उभ्या. प्रत्येकीच्या हातात विहिरीवरून भरलेला गडवा. पाणी घालायचं, हात जोडायचे, पुढच्या झाडाकडे जायचं.

"हे काय करून राहिल्या?"

"देवाले पानी. तुमी शेंदूर लावला तवापासून रोज घालतो, बाई. जागृत हाय. माह्या म्हशीले पारडी झाली!"

शेंदूर फासला की दगडाचाही देव होतो, हे मला काय माहीत नव्हतं? याच मुलखातलं मीठ खाऊन वाढलेली मी! मी म्हटलं, म्हैस गाभण होती, पारडी होणारच. ती म्हणाली, "मंग तुमच्याही झाडाले फुलं येनारच होते नं?" आणि गडवा घेऊन ती पुढच्या झाडाकडे वळली.

परतताना मी हिशेब मांडला. ज्या झाडांना थेंब मिळायचा नाही, त्यांना रोज दहा-बारा गडवे मिळाले होते. ताण बसलाच नव्हता. गप्प राहिले असते तर कुणालाही कळलं नसतं. सौसरचं पत्र ट्रंकेत तयार होतं. मला रडू आलं, आणि स्वतःचा रागही.

जेवताना मी मामाजींना सगळं सांगून टाकलं. ते हसता हसता ठसकले, सासूबाईंनी पाणी दिलं.

"म्हंजे माहं खरं?"

"तेही नाही म्हणता येत, मामाजी. काहीच सिद्ध झालं नाही. पुन्हा करून पाहावं लागेल. आणि एका सालानंही भागायचं नाही."

त्यांनी ताटातलं वरण बोटानं पुसून घेतलं. मग म्हणाले, "जिंकलेली पैज तू आपल्या हातानं मोडली. असा मास्तर पोराइले भेटला पायजे." हात धुताना त्यांनीच भर घातली, "निकाल लागेपर्यंत जा. लागला की पाहू."

शाळेच्या पहिल्या दिवशी बैलांची दमणी त्यांनी स्वतः जुंपली. पुढच्या डिसेंबरात खुणेसाठी त्यांनी आठवणीनं गेरू आणला. एका साली अवकाळी पाऊस पडला, एका साली गाय शिरली, एका साली माझी झाडं सरस, एका साली त्यांची. दर होळीला ते दारातून ओरडत, "यंदाही काई पक्कं नाई, पोरी! शाळेत जात राय!" मी वर्गात पोरांना सांगायची, विज्ञान पुरावे गोळा करतं, शेवटची रेघ ओढत नाही. ते मी कुठे शिकले, हे त्यांना कधी सांगितलं नाही.

अशी चौदा वर्षं गेली. शेवटच्या वर्षी मामाजी बाजेवरच होते. मी फुलांची एक डहाळी त्यांच्या उशाशी ठेवली आणि म्हटलं, "मामाजी, आता मात्र सिद्ध झालं म्हणायला हरकत नाही. एक महिना पुरतो."

त्यांनी डहाळी नाकाशी नेली, डोळे मिटले.

"पुरते असं दिसते, म्हन," ते म्हणाले. "सिद्ध नोको म्हनू. नोकरी जाईन तुही."