रुखवतातलं घर

रुखवतात मांडायची छोटी घरं मी वीस वर्षं करतेय. पुठ्ठा, आइस्क्रीमच्या काड्या, दाराच्या कडीला टिकली. आमच्या लातुरातल्या गल्लीतली एकही पोरगी माझं घर घेतल्याशिवाय नांदायला गेली नाही. माझ्या लेकीचं तर दोन मजली केलं होतं.

ती लेक दीड वर्षापूर्वी डेंगीनं वारली. चार दिवसांचा ताप. मी रडले नाही. बाया कुजबुजल्या, म्हातारी दगड हाय. असेन, बाई! भाकरी थापायची, तिच्या पाच वर्षांच्या पोरीची वेणी घालायची. आत काही हलतच नव्हतं.

मग जावयाचं दुसरं लग्न ठरलं, नांदेडच्या मुलीशी. लग्न झालं की नातीला घेऊन जाणार म्हणाला. त्याचीच पोर, मी कोण अडवणार? पण सावत्र आईच्या हाती पोरीचं कसं होईल, एवढी एकच भीती माझ्यात जिवंत होती.

आणि एका दुपारी ती नवरीच दारात! तिची आई चपला न काढता उंबऱ्याबाहेर उभी. "काकू, रुखवतातलं घर तुमच्याच हातचं पायजे," नवरी म्हणाली. हद्द झाली, म्हटलं मनात, जखमेवर मीठ चोळायला नांदेडहून आली का ही बया? पण तोंडातून निघालं, "व्हय, करते."

पंधरा दिवस काड्या चिकटवत राहिले. राग नाही, दुःख नाही, नुसता डिंकाचा वास. नेहमीसारखी अंगणात नवरा-नवरीच्या दोन बाहुल्या ठेवल्या आणि घर पुरं झालं.

न्यायला आली तेव्हा नवरीनं नातीशेजारी वाकून खोल्या पाहिल्या. "काकू, तिसरी बाहुली कुठाय?"

"रुखवतात दोनच असतात, पोरी."

"आम्ही तिघं राहणार हाव. हिची खाट न्हाई तर मी हे घर नेत न्हाई." तिनं नातीला जवळ घेतलं. "सांग, कुठं ठेवायची?"

नातीनं खिडकीपाशी बोट ठेवलं.

मी पुठ्ठा घेतला, कापायला लागले. नात गुडघ्याशी येऊन बसली. "आजी, अन् तुझी खाट?"

"माझी इथंच हाय की गं," म्हटलं, आणि दीड वर्षात पहिल्यांदा ढसाढसा रडले. लेकीसाठी रडले, या पोरीसाठी रडले. थांबवता येईना.

नवरीनं माझ्या हातातली कात्री काढून घेतली आणि अर्धी राहिलेली खाट तिनं कापली.