झुंबर आहेर आणि लढाईचा अर्ज

नाशिकच्या जिल्हा न्यायालयाबाहेर झुंबर आहेर चाळीस वर्षं टायपिंग करतात. तरुणपणी कळवणहून नवे नवे आले तेव्हा एकाचं प्रतिज्ञापत्र त्यांनी डोळे झाकून टाइप केलं. भाऊ वारला, असं त्यात होतं. पंधरा दिवसांनी तोच भाऊ स्वतःच्या पायांनी कोर्टात हजर झाला, आणि पोलिसांनी झुंबरभाऊंना दोन दिवस ठाण्यात बसवून ठेवलं. तेव्हापासून समोरच्याची उलटतपासणी केल्याशिवाय त्यांची बोटं चालत नाहीत.

गेल्या वर्षी पिंपळगाव बसवंतहून छाया नावाची बाई आली. द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला होती. तिला माहिती अधिकाराचा अर्ज करायचा होता, तोही थेट परराष्ट्र मंत्रालयाला. तिचा नवरा कुंदन मालवाहू जहाजावर इंजिनाच्या खोलीत काम करायचा. परदेशी बंदरात उभ्या जहाजावर क्षेपणास्त्र पडलं, त्यात तो गेला.

तिने वहीचा कागद पुढे केला. तीन प्रश्न होते. दुसऱ्या देशावर हल्ला करणाऱ्या पुढाऱ्यांवर खटला चालवणाऱ्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा भारत सदस्य आहे का? असं आक्रमण हा गुन्हा आहे, असं सरकार मानतं का? कुंदनच्या मृत्यूबद्दल कुणावर खटला चालवा, अशी मागणी सरकारने कुठे केली आहे का?

झुंबरभाऊंनी कागद उलटसुलट केला. पॅकहाउसमधल्या बाईच्या तोंडी हे शब्द कुठून आले? हिला कुणी पुढे केलंय? लेक हर्षाली वकिलीचं शिकते, तिनेच लिहून दिलं, असं छाया म्हणाली. त्यांना ते पटलं नाही. उद्या या, म्हणून त्यांनी तिला वाटेला लावलं आणि पिंपळगावच्या ओळखीच्या आडत्याला फोन केला. आडत्या म्हणाला, कुंदनची शवपेटी चाळीस दिवसांनी आली. सीलबंद होती. उघडू नका म्हणाले, कुणी उघडली नाही.

दुसऱ्या दिवशी झुंबरभाऊंनी काही न विचारता अर्ज टाइप केला.

उत्तर इंग्रजीत आलं. छायाने पाकीट न फोडताच त्यांच्यापुढे ठेवलं. पहिल्याचं उत्तर सरळ होतं: भारत सदस्य नाही. दुसऱ्यावर लिहिलं होतं की सर्व देशांच्या सार्वभौमत्वाचा आदर व्हावा आणि वाद चर्चेने मिटावेत, अशी सरकारची भूमिका आहे.

“म्हंजे गुन्हा हाय म्हनतेत का?” छायाने विचारलं.

“तसं म्हटलेलं नाही.”

“मग नाय म्हनतेत?”

“तेही नाही.”

तिसऱ्यावर होतं: माहिती या कार्यालयात उपलब्ध नाही. झुंबरभाऊंनी ती ओळ दोनदा वाचली. बाईवरचा त्यांचा संशय आता सगळाच्या सगळा या कागदावर येऊन बसला होता. ‘नाही’ वेगळं आणि ‘या कार्यालयात नाही’ वेगळं. दुसरीकडे असेल तर अर्ज तिकडे पाठवायला हवा होता, कायदा तसं सांगतो. लिहिणाऱ्याने मुद्दाम पळवाट ठेवली होती, की सवयीने तीच ओळ ठोकली होती? त्यांनी तिथल्या तिथे अपील लिहिलं आणि प्रत्येक शब्द असा निवडला की निसटायला जागा राहू नये.

तीन महिन्यांनी एका ओळीचं उत्तर आलं: अशी कोणतीही मागणी करण्यात आलेली नाही.

छायाने त्यांच्याकडून ते तीनदा वाचून घेतलं. रडली नाही. म्हणाली, “आता का केली नाय, ते इचारा. अर्ज टाका.”

झुंबरभाऊंनी समजावलं, की माहिती अधिकारात असेल तो कागद मागता येतो, पण ‘का’ विचारलं तर उत्तर देणं त्यांच्यावर बंधनकारक नाही.

“मग भाऊ, ‘का’ कोनत्या कायद्यात इचारत्यात?”

इतक्या वर्षांत कुणालाही ते ‘ठाऊक नाही’ म्हणाले नव्हते. त्या दिवशी म्हणाले, आणि हर्षालीला घेऊन या, म्हणून तिला सांगितलं.