दाराबाहेरची पायरी

माझी आत्या छापखान्यात पुस्तकबांधणी करायची. सुई चालवून चालवून तिच्या बोटाला घट्टा पडला होता. बोलायला फटकळ, गप्प बसणं म्हणजे तिला शिक्षाच. तरी तिचं दीड महिना गप्प बसणं, याच गोष्टीचा मला सगळ्यात जास्त अभिमान वाटतो.

तिची जिवाभावाची मैत्रीण कपडे शिवायची. शाळेपासूनच्या दोघी, चर्चमध्ये शेजारी बसून बेसूर गाणाऱ्या. त्या मैत्रिणीचा एकुलता एक मुलगा पंचविशीत अपघातात गेला. दफनविधीनंतर काहीतरी बोलायला हवं म्हणून आत्या बोलून गेली, "देवाची इच्छा, बये."

मैत्रिणीने हात झटकला. "तुझा देव तुझ्यापाशीच ठेव. पुन्हा माझ्या घरात पाऊल टाकू नकोस."

त्या संध्याकाळी आत्याने बायबलमधलं, सगळी मुलं गमावलेल्या ईयोबाचं पुस्तक वाचलं आणि फाडकन मिटलं. "ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर नुसते बसले, तोवर शहाणे होते," ती माझ्या आईला म्हणाली. "तोंड उघडलं आणि माती खाल्ली. माझ्यासारखीच."

दुसऱ्या दिवशी तिने मैत्रिणीच्या दाराखालून चिठ्ठी सरकवली. 'मी चुकले. देवाच्या मनातलं मला काय कळतंय?' आणि बाहेरच्या पायरीवर बसली. "घरात येऊ नको म्हणाली," तिने आईला सांगितलं, "पायरीचं काही बोलली नाही."

मग रोजचंच झालं. काम सुटलं की तासभर पायरीवर. शेजारी तिला ओलांडून जात, काही हसत. मैत्रीण यायची-जायची, बघायचीसुद्धा नाही. आत्या अवाक्षर काढायची नाही.

दीड महिन्याने दार उघडलं. "घरी जा. पाय सुजलेत तुझे."

"बरं," आत्या म्हणाली, पण हलली नाही.

"एवढी मुकी कधीपासून झालीस गं?"

"बोलले की वाट लावते ना मी."

मैत्रिणीला हसू फुटलं, आणि हसता हसता ती हमसून रडायला लागली. तिथेच शेजारी बसून ती मुलाबद्दल बोलत राहिली. आत्याने सगळं ऐकलं. समजुतीचा एक शब्दही काढला नाही.

मैत्रीण पुढे चार वर्षं चर्चला आली नाही. आत्याने एकदाही 'चल' म्हटलं नाही; उपासना संपली की थेट तिच्याकडे जायची. चर्चमधल्या एका बाईंनी टोकलंच, "देवाकडे पाठ फिरवलेल्या बाईसाठी एवढं कशाला?"

"प्रभू माझा विश्वास तोलून मापून माझ्यावर प्रेम करतो का?" आत्या म्हणाली. "मग मी कोण तराजू धरणारी?"

एका रविवारी मैत्रीण आपणहून आली. का आली, ते तिने सांगितलं नाही, आत्याने विचारलं नाही.

गेल्या वर्षी आत्याच्या खुब्याचं हाड मोडलं. मैत्रीण शिलाई मशीनसकट आमच्याकडे राहायला आली, ती गेलीच नाही. रोज संध्याकाळी आत्याला हाताला धरून जिने उतरवते, चालवून आणते. वाटेत कुणी ना कुणी विचारतंच, "सख्ख्या बहिणी का?"

"छे, मैत्रिणी," दोघी एकदमच म्हणतात, आणि दोघींचीही मान ताठ होते.