भात्यावरचं ठिगळ

माझ्या कपाटातले जुने कॅमेरे बघायला लोक येतात आणि हमखास विचारतात, हा नाद लागला कधी? मी चोर बाजारातली गोष्ट सांगतो. ती खरी आहे, पण अर्धी.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी गिरगावात राहायचो, फोर्टात कारकुनी करायचो. एका सुट्टीला चोर बाजारात गोणपाटावर एक फोल्डिंग कॅमेरा दिसला. झाकण उघडलं की चामड्याच्या भात्यासकट भिंग पुढे सरकायचं. मी उचलला, तेवढ्यात दुसऱ्या बाजूनेही एक हात आला.

"सोडा साहेब, मी आधी पाहिला."

"उचलला मी आधी."

विकणारा वैतागला. "दोनों मिलके लो ना, झगडा कायको?"

आम्ही खरंच मिळून घेतला. त्या दुसऱ्या हाताचा मालक डिलाईल रोडच्या चाळीत राहायचा, गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होता. ठरलं असं, की कॅमेरा एक महिना त्याच्याकडे, एक महिना माझ्याकडे. पुढे प्रत्येक सुट्टी भंगारातले कॅमेरे धुंडाळण्यात जाऊ लागली. पहिल्या कॅमेऱ्याच्या भात्याला बारीक भोक होतं. त्याने काळ्या कापडाचं ठिगळ चिकटवलं, अंधारात आत बॅटरी लावून पाहिली. उजेडाचा ठिपकासुद्धा बाहेर आला नाही.

त्याच्या आईचा फोटो कधीच निघालेला नव्हता. ती मालवणकडची. मला लेकासारखं "झिला" म्हणायची आणि गेल्या गेल्या पुढ्यात चहा ठेवायची. फोटोचं नाव काढलं की उसळायची.

"माझो फोटो कित्याक? मेल्यार काढ."

"आये, मेल्यावर तू हलणार नाहीस, तेव्हा कोणीपण काढील. आत्ता काढतो त्यात कला आहे."

ती हसली, आणि हसता हसता गॅलरीत स्टुलावर बसली. तोंडावर उजेड पडावा म्हणून मी बाजूला पांढरी चादर धरून उभा राहिलो. तो रोलवरचा सहावा फोटो. रोल सहज मिळत नसत, त्यामुळे आठही फोटो संपेपर्यंत कोणी धुवायला टाकत नसे. उरलेले दोन, महाराष्ट्र मिळाला की होईल त्या सभेचे काढायचे, असं त्याने ठरवलं. मग माझा महिना लागला आणि कॅमेरा माझ्याकडे आला.

त्या महिन्यात मी आमचा कॅमेरा घेऊन एकटाच चोर बाजारात गेलो. तिथे हुबेहूब तसाच दुसरा कॅमेरा दिसला. दोन्ही शेजारी ठेवले. जुने कॅमेरे घेणाऱ्याचा हात आधी पाठीमागच्या खटक्याकडे जातो. आतलं बघितल्याशिवाय चैन पडत नाही. मी त्याचा खटका उघडला आणि पाठोपाठ, आत रोल आहे हे विसरून, आमचाही. रोल उसळून रस्त्यावर पडला, घरंगळला आणि भर उन्हात उलगडत गेला. मी तो गुंडाळून परत आत घातला. कोणी पाहिलं नाही.

मी त्याला काही बोललो नाही. उरलेले दोन फोटो घाईने काहीतरी काढून संपवले. "आईंचा फोटो लवकर बघू," म्हणून मीच घाई केली. वाटलं, नशिबाने आईंचा तेवढा वाचला असेल. दादरच्या स्टुडिओवाल्याने पट्टी उजेडासमोर धरली. सगळी काळीठिक्कर.

"उजेड खाल्लाय हिने. कुठून तरी आत गेलाय."

माझ्या शेजारी उभा असलेला तो लगेच म्हणाला, "भाता. माझं ठिगळ सुटलं असणार."

एवढंच म्हणायचं होतं, की नाही रे, मी उघडला. मी ठिगळावरून बोट फिरवलं आणि म्हणालो, "असेल."

दुसरा रोल मिळेपर्यंत आई आजारी पडली आणि गेली. चाळीतलं कोणीतरी म्हणालं, आता तरी एक फोटो काढून ठेव. त्याने नकारार्थी मान हलवली. दिवसकार्य झाल्यावर त्याने आपल्याकडचे सगळे कॅमेरे पिशवीत भरून माझ्या दारात आणले. "तूच ठेव. माझ्या हातून वाट लागते." मी ठेवून घेतले. माझा संग्रह म्हणतात तो तिथून सुरू झाला.

महाराष्ट्र झाला त्या रात्री आम्ही दोघं शिवाजी पार्कला गर्दीत होतो. कॅमेरा कोणीच आणला नव्हता. पुढे भेटी कमी झाल्या. तो गेला त्याला दोन वर्षं झाली. मागच्या महिन्यात त्याच्या मुलीला भेटलो आणि सगळं सांगितलं.

 ती म्हणाली, "काका, माझ्या लग्नात कोणीतरी बाबांच्या हातात कॅमेरा दिला, तर त्यांनी हात मागे घेतले. म्हणाले, माझ्या हाताला यश नाही. त्यांना का नाही सांगितलंत?"

"धीर झाला नाही. आधी वाटलं तो मैत्री तोडेल. नंतर वाटलं, आता सांगून काय."

"आता मला सांगून काय?"

 तिने पाणी दिलं. मग हळूच विचारलं, "आजी दिसायची कशी?"

कपाळावर गोंदण होतं, हे सांगितलं. नाकात नथ नाही, चमकी. पुढचा एक दात पडलेला, म्हणून हसताना तोंडावर पदर धरायची. मुलगी पुढे सरकून ऐकत होती.

"माझ्यासारखी होती का?"

हो म्हटलं असतं तर तिला बरं वाटलं असतं. मी तिच्याकडे नीट पाहिलं. मग म्हणालो, "चेहरा आठवत नाही गं, बाळ."